लवंग काढायची वेळ

परवा पहाटे सव्वापाचचा गजर लावून उठले, ते बरणीतल्या दोन लवंगा काढायला.

रात्री सव्वानऊला त्या रममध्ये सोडल्या होत्या. मलमलच्या चिंधीत बांधलेली बोटाच्या पेराएवढी पुरचुंडी, तिचा पांढरा दोरा बरणीच्या काठावरून बाहेर काढून झाकणाखाली दाबलेला. ओट्यावरचा दिवा लावला, झाकण फिरवलं, दोरा धरून पुरचुंडी वर ओढली आणि काठाला टेकवून निथळू दिली. मग चमच्याच्या टोकावर एक थेंब घेऊन जिभेला लावला. आधी गोडसर ऊब आली, मग जिभेच्या शेंड्याला पुसटसा बधिरपणा, आणि तोही मनात दहा म्हणेपर्यंत ओसरला. जमलं होतं. सकाळी नेहमीच्या वेळेला उठले असते तर तो बधिरपणा पार घशापर्यंत उतरला असता आणि मागच्या चार दिवसांत बरणीत मुरलेली दालचिनी, संत्र्याची साल, मिरी, कशाकशाचा पत्ता लागला नसता.

गेली चार वर्षं मी घरी मसाल्याची रम मुरवते. लोणचं मुरतं, मोरावळा मुरतो, तशी रम मुरते. वर्षाला चार-पाच बाटल्या, त्यापेक्षा जास्त नाही. पण त्या चार-पाच बाटल्यांनी माझं नाक जेवढं तयार केलं तेवढं पंचवीस वर्षांच्या स्वयंपाकानं केलं नव्हतं, हे अगदी मनापासून सांगते. आणि ज्या लवंगेची मला लहानपणापासून धास्ती होती, तिच्याशी माझी ओळखही याच बरण्यांनी करून दिली.

धास्ती म्हणते, कारण आमच्या घरात लवंगेला एक वेगळा अर्थ होता. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचे. शनिवारी संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, की ते आतल्या खोलीत जायचे. गोदरेजच्या कपाटाचं दार कुरकुरायचं. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर यायचे तेव्हा गालात लवंग असायची. आई ताटं घ्यायची, आजी वाटीत आमटी वाढायची, कुणी काही बोलायचं नाही. बाबांनी कधी आवाज चढवला नाही, कधी त्यांचा तोल गेला नाही. उलट शनिवारी ते नेहमीपेक्षा हळू बोलायचे. पण काहीतरी झाकलं जातंय हे पोरांना कळतंच. मला आणि दादाला ते लवंगेच्या वासावरून कळायचं. पुढे कितीतरी वर्षं लग्नाच्या पंगतीत मसालेभातातली लवंग दाताखाली आली की माझी नजर आधी बाबांना शोधायची.

बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांच्यामागे ते कपाट दादानं आणि मी मिळून आवरलं. बँकेची जुनी पासबुकं, आमच्या शाळेची प्रगतिपुस्तकं, आजीच्या मोत्यांच्या कुड्या, आणि सगळ्यात खाली प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला मद्य पिण्याचा परवाना. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार दारू विकत घ्यायला आणि प्यायला आजही परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी दारूसाठी ५ रुपयांत आणि देशीसाठी २ रुपयांत मिळतो, वर्षाचा १०० रुपयांत, आजन्म हवा असेल तर १००० रुपये. बहुतेकांना हे ठाऊकही नसतं. बाबांनी मात्र आजन्म परवाना काढून ठेवला होता. आरोग्य टिकवण्यासाठी मद्याची गरज आहे, अशा अर्थाची सरकारी भाषा त्यावर होती. फोटोत बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केस चापून बसवले होते. तो परवाना हातात घेऊन मी बराच वेळ पलंगाच्या कडेवर बसून राहिले. या माणसानं सरकारला सगळं रीतसर सांगितलं होतं. घरात सांगायची सोय नव्हती.

परवान्याशेजारी रमची एक क्वार्टर होती, निम्म्याहून थोडी जास्त भरलेली. दादा ती बेसिनमध्ये ओतायला निघाला. मी म्हटलं, "राहू दे, मी नेते."

ती क्वार्टर माझ्या कोथरूडच्या घरी फडताळात दोन वर्षं तशीच राहिली. मग एका डिसेंबरात, बाबांच्या वाढदिवसाच्या आसपास, मी ती काढली आणि तिच्यात लवंगा घातल्या. का घातल्या हे सांगायला नको. बारा लवंगा, मोजून. शंभरेक मिली रम असेल. चार दिवस झाकून ठेवली आणि पाचव्या दिवशी घोटभर घेतली, तर जीभ, हिरड्या, टाळू सगळं बधिर. दाताच्या डॉक्टरांकडून आल्यासारखं वाटलं. रम अशी उरलीच नव्हती, नुसता कडवट तिखट अर्क झाला होता. पाणी घालून पाहिलं, मध घालून पाहिला, काही उपयोग झाला नाही. बाबांच्या हातची शेवटची बाटली मी लवंगेच्या हौसेपायी घालवली, याचं मला आजही वाईट वाटतं.

हे का झालं ते शोधायला लागले आणि त्या शोधातूनच हा नाद लागला. चांगल्या लवंगेत वजनाच्या १५ ते २० टक्के सुगंधी तेल असतं आणि त्या तेलाचा बहुतांश भाग युजेनॉल असतो. दाताचे डॉक्टर झिंक ऑक्साइडबरोबर कालवून दाढेत भरतात ते हेच, म्हणजे मला आलेली दवाखान्याची आठवण अगदी बरोबर होती. लवंग पाण्यात उकळली तर हे तेल पाण्यात फारसं उतरत नाही. वाफेबरोबर उडून घरभर होतं, म्हणून काढ्याचा वास जास्त आणि चव त्या मानानं सौम्य. दारूची गोष्ट वेगळी. अल्कोहोलच्या रेणूचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं आणि दुसरं तेलाशी. आपल्याकडे रम-व्होडकाच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं, शेजारी २५ यू.पी., म्हणजे अंडर प्रूफ, असंही असतं. जुन्या ब्रिटिश मापात ५७.१ टक्के म्हणजे पुरं प्रूफ, त्याच्या २५ टक्के खाली म्हणजे ४२.८. एवढ्या ताकदीच्या दारूत लवंग टाकली की तेल झपाझप बाहेर येतं. सगळा स्वभाव बाहेर पडायला रात्र पुरते. चार दिवसांत मी तिला पिळून काढलं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मसाले एका चालीनं चालत नाहीत. वेलदोडा फोडून टाकला तर दिवसभरात बोलायला लागतो आणि दुसऱ्या दिवशी कुणाला बोलू देत नाही. संत्र्याची साल दोन-तीन दिवस बरी असते, तीही सोलाण्यानं वरवर काढलेली, कारण आतला पांढरा भाग बरणीत गेला की कडू होतं. दालचिनी म्हणजे झाडाची साल. पहिले तीन-चार दिवस ती गोड असते, पुढे तिच्यातला लाकडाचा तुरटपणा उतरायला लागतो. मिरीचा तिखटपणाही पाण्यापेक्षा दारूत कितीतरी जास्त उतरतो, त्यामुळे पाच दाण्यांवर मी थांबते. व्हॅनिलाची शेंग सगळ्यात सावकाश, दहा-पंधरा दिवस राहिली तरी तक्रार नाही. सगळं एकदम टाकून महिनाभर ठेवायचं अशा कृती मी खूप वाचल्या आणि त्या मला पटत नाहीत. त्यात जो सगळ्यात लवकर उतरतो आणि सगळ्यात दांडगा असतो त्याचंच राज्य होतं.

म्हणून मी प्रत्येक मसाला वेगळ्या पुरचुंडीत बांधते आणि दोऱ्यांना रंग ठरवून टाकले आहेत. लवंगेचा पांढरा, दालचिनीचा तांबडा, वेलदोड्याचा हिरवा, सालीचा पिवळा. बरणीच्या तोंडाशी चार दोरे लोंबत असतात. रोज सकाळी आणि रात्री एकेक थेंब चाखायचा आणि ज्याची वेळ झाली त्याचा दोरा ओढायचा. घालायला एक मिनिट लागतं. सगळं कसब त्या दोऱ्यापाशी आहे, आणि ते कुठल्याही पुस्तकातल्या तासांनी येत नाही. पुण्याच्या मे महिन्यात जे काम आठ तासांत होतं त्याला जानेवारीतल्या गारठ्यात चौदा लागतात, लवंग नवी की वर्षाची जुनी यावरही खूप अवलंबून असतं.

सामान आणायला मी रविवार पेठेत जाते. बरणी बोहरी आळीतली, जाड काचेची, रबराची चकती असलेल्या झाकणाची. प्लास्टिकची बरणी वापरू नये, एवढी तीव्र दारू प्लास्टिकचाही वास उचलते. दालचिनी मात्र मी पेठेतली घेत नाही. बाजारात जी जाड, कडक, लाकडासारखी मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया असते, तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच जास्त असतं आणि चवही भडक. खरी दालचिनी पातळ असते, पापुद्र्यावर पापुद्रा गुंडाळलेली, बोटांनी चुरडली तर चुरा होतो. माझी मावसबहीण दापोलीहून पाठवते. तिथल्या कृषी विद्यापीठानं 'कोकण तेज' नावाची दालचिनीची जात काढली आहे, नारळ-पोफळीच्या सावलीत ती छान होते. पहिल्यांदा तिचा पुडा उघडला तेव्हा मला वाटलं, आजवर आपण दालचिनी म्हणून दुसरंच काहीतरी खात होतो.

काष्ठौषधींच्या दुकानाचंही सांगायला हवं. जिनचा आत्मा असलेली जुनिपरची फळं मी परदेशातून कुणी येतंय का म्हणून वर्षभर वाट बघत होते, आणि ती आयुर्वेदात हपुषा या नावानं कधीपासून आहेत असं कळलं. मंडईजवळच्या एका जुन्या दुकानात विचारलं. मालकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "कुणासाठी हवंय, ताई? मूत्रविकारावर?" मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मग वैद्यांना विचारून या. नाव एक असतं आणि पोत्यात निघतं भलतंच." त्यांचं म्हणणं मी मानलं. ओळखीच्या वैद्यबाईंनी फळं हातात घेऊन, फोडून, हुंगून पाहिली, आणि गरोदर बाईनं याच्या वाऱ्यालाही जायचं नाही असं बजावलं. वेखंडासारखी मुळं दारूत अजिबात भिजवायची नाहीत, एका बाटलीला पाव जायफळापेक्षा जास्त घालायचं नाही, हेही त्यांचंच. दारू सुगंध जसा ओढून काढते तसं विषही ओढून काढते. स्वयंपाकघरात जे रोज खातो त्याच्या पलीकडचं काहीही बरणीत टाकताना मी दहा वेळा विचार करते.

आणि दारू गाळायचा विचार तर मनातही आणू नये. भट्टी हा गुन्हा आहे, तो असायलाच हवा. २०१५ साली मुंबईत मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. मी जे करते ते दुकानातून आणलेल्या सीलबंद बाटलीवर आणि घरच्या चार माणसांपुरतं.

वैद्यबाईंशी बोलताना मला आजीचं फडताळ आठवलं. आजी दारू हा शब्दसुद्धा उच्चारायची नाही, 'ते' म्हणायची. पण तिच्या फडताळात द्राक्षासवाची बाटली कायम असायची आणि आमच्या दोघांच्या वेळी बाळंतपणानंतर आईला तिनं दशमूलारिष्ट नेमानं दिलं होतं. औषधं कच्चीच पाण्यात घालून आंबवलं तर आसव, काढा करून आंबवलं तर अरिष्ट, ही विभागणी शार्ङ्गधरांच्या संहितेतली. आंबायला मदत म्हणून धायटीची फुलं घालतात. सिंहगडाच्या उतारावर फेब्रुवारी-मार्चमध्ये तांबड्या फुलांनी लगडलेली जी झुडपं दिसतात तीच धायटी. आजीनंच मला ती दाखवली होती, देठाकडून फूल चोखून मधही चाखायला लावला होता. घडा तोंड बांधून महिनाभर धान्याच्या राशीत पुरून ठेवत, म्हणजे ऊब सारखी राहते. त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं, पाच-दहा टक्क्यांपर्यंत, आणि तेच औषधातले गुण ओढून घेतं, तेच ते टिकवतं. म्हणजे वनस्पती मद्यात मुरवण्याची विद्या आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि तिच्याविषयी आदरही होता. आजीला मी खोटं पाडत नाही. तिच्या लेखी मोजून दोन चमचे जेवणानंतर घेतलं ते औषध होतं आणि कपाटाआड घेतलं ते 'ते' होतं. मोजणं आणि समोर बसून घेणं हा तिचा निकष आज मला फार शहाणपणाचा वाटतो.

समोर बसून घेणं म्हणजे काय ते मी पहिल्यांदा वसईत पाहिलं. कॉलेजमधली माझी मैत्रीण ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या मराठी ख्रिस्ती समाजातली. तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिच्या आजीनं अंगणात मोठ्या टोपात खिमाड केलं. साखर करपवून तिचा तपकिरी पाक, त्यात पाणी, चहाची पत्ती, गवती चहा, लवंग, दालचिनी, वेलदोडे, आणि शेवटी देशी दारू. गरम गरम, छोट्या कपांतून. आजी स्वतः डाव घेऊन बसली होती आणि नात्यातले म्हातारे एकेक करून कप पुढे करत होते. मैत्रिणीचे वडील तिच्या शेजारी बसून प्याले. तिनं त्यांचा रिकामा कप घेतला आणि विसळून ठेवला, इतकं ते साधं होतं. लवंगेचा आणि दारूचा वास एकत्र, उघड्या अंगणात, भर संध्याकाळी. मी दिवाळीला घरी आले तेव्हा बाबांना हे सांगावं असं फार वाटलं होतं. सांगितलं नाही.

आता गोड्या मसाल्याच्या रमबद्दल सांगते, कारण ती पूर्णपणे आमच्या घरची आहे. जिनबद्दल वाचताना कळलं की जुनिपरच्या खालोखाल तिच्यात मान असतो धन्यांना. धने, दालचिनी, म्हणजे निम्मा गोडा मसाला झाला. मग मसाल्याचीच रम का करू नये? पांढरी रम घेतली, काळ्या रमला मुळातच जळक्या साखरेचा रंग आणि चव असते. ७५० मिलीला एक चमचा धने, दोन इंच दालचिनी, दोन लवंगा, पाच मिरी, दोन वेलदोडे, चार नागकेशर, अर्धं तमालपत्र, चिमूटभर दगडफूल आणि दोन मोठे चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस. तीळ सोडले, ते खवट होतील ही भीती.

खोबऱ्याचं मला कौतुक वाटतं ते असं. कीस मंद आचेवर बदामी भाजायचा, गार करून रममध्ये दिवसभर ठेवायचा, मग गाळून बरणी रात्रभर फ्रीझरमध्ये. घरच्या फ्रीझरमध्ये रम गोठत नाही, पण खोबऱ्याचं तेल पंचवीस अंशांच्या आसपासच थिजायला लागतं. सकाळी बरणी काढली की वर पांढरा पापुद्रा, हिवाळ्यात खोबरेल तेलाच्या बाटलीत दिसतो तसा. चमच्यानं तो अलगद उचलायचा. तेल सगळं वर निघून येतं, भाजल्या खोबऱ्याचा वास मात्र खाली रममध्ये राहतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी लेकीला झोपेतून उठवून दाखवलं. ती वीस वर्षांची आहे, कायद्यानं तिला आणखी पाच वर्षं थांबायचं आहे, पण वास घ्यायला वयाची अट नाही.

शेवटी दोन चमचे काकवी. गूळ वळायच्या आधीचा हा दाट पाक मी दौंडकडच्या एका गुऱ्हाळातून आणते. रम होते ती उसाच्या मळीपासून, म्हणजे साखर काढून घेतल्यावर कारखान्यात जे उरतं त्यापासून. काकवी घातली की उसातलं हरवलेलं थोडंसं तिला परत मिळतं, असं मला वाटतं. चवीला तरी नक्कीच. दुकानातल्या बऱ्याच मसालेदार रममध्ये व्हॅनिला आणि साखर एवढी पुढे असते की ऊस कुठे सापडत नाही.

पण ही रम दोन वेळा बिघडली. वास चांगला यायचा, तरी काहीतरी ओलसर, कोंदट, भिजलेल्या लाकडासारखं मागे राहायचं. तिसऱ्या खेपेला मी बाटली घेऊन आईकडे सहकारनगरला गेले. आई शहात्तर वर्षांची आहे. आयुष्यात तिनं दारूचा थेंब घेतलेला नाही आणि घेणारही नाही. पण पेठेतल्या आमच्या वाड्यात निम्म्या बिऱ्हाडांचा गोडा मसाला तिच्या हाताखालून जायचा. ती कढईसमोर बसली की धने कधी उतरायचे, खोबरं कधी, हे कुणी तिला विचारायचं नाही. एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, त्याचा त्याचा वास सुटला की परातीत काढायचा. घड्याळाकडे ती कधी बघत नाही. क्षणभर जास्त झालं तरी तिला कळतं.

मी झाकण उघडून बाटली तिच्यापुढे धरली. मला वाटलं तोंड फिरवेल. तिनं पदरानं नाक पुसलं, बाटली दोन्ही हातांत घेतली, डोळे मिटले.

"दगडफूल कच्चं आहे गं," ती म्हणाली. "भाजलं नाहीस?"

भाजलं नव्हतं. बाकी सगळं भाजून घेतलं आणि दगडफूल नाजूक म्हणून तसंच टाकलं होतं.

"त्याला थेंबभर तेलावर परतल्याशिवाय वास सुटत नाही. आणि आधी निवडलंस का? झाडाची साल असते त्यात चिकटलेली, खडे असतात." पुन्हा एकदा हुंगून म्हणाली, "लवंग मात्र बरोबर आहे. बेताची."

मग बाटली माझ्या हातात देताना तिनं जे सांगितलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कपाटात, परवान्याच्या पाकिटाजवळ, एक छोटी पितळी डबी असायची. लवंगांची. ती तीच भरून ठेवायची, दर शुक्रवारी. बाबांनी कधी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. "तुम्हा पोरांना वास येऊ नये म्हणून," ती म्हणाली. "आणि त्यांना संकोच वाटू नये म्हणून. चांगल्या बघून निवडायचे, डोक्यावर फूल असलेल्या."

कपाट आवरताना ती डबी मला दिसली नव्हती. विचारलं तर आईनं देवघराच्या खणातून काढून आणली. आत अजून सहा-सात लवंगा होत्या, फूल असलेल्या, आता वास अगदी पुसट.

मी आठवड्यातून एकदा, शनिवारीच, तीस मिली घेते, कोमट पाण्यातून. त्याहून जास्त कधी नाही, कारण एवढ्या कष्टानं मुरवलेलं भराभर प्यायची इच्छाच होत नाही. पेला जेवणाच्या टेबलावर असतो, पाण्याच्या भांड्याशेजारी. नवरा घेतो कधी, कधी नाही. लेकीला विचारायचं ते ती विचारते आणि मी सांगते.

या रविवारी चौथी खेप लावायला मी आईकडेच मुक्कामाला गेले. दगडफूल तिनं निवडलं, तिनंच परतलं. पुरचुंड्या मी बांधल्या, दोऱ्यांचे रंग तिला समजावून दिले. रात्री नऊला लवंगेची पुरचुंडी सोडली आणि पाचचा गजर लावून आतल्या खोलीत, त्याच गोदरेजच्या कपाटाशेजारी झोपले. गजर झाला तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. चहाचं आधण ठेवून आई ओट्याशी उभी होती. बरणीच्या तोंडाशी तांबडा, हिरवा आणि पिवळा दोरा तेवढा होता. पांढऱ्या दोऱ्याची पुरचुंडी बशीत निथळून ठेवलेली.

"साडेचारलाच काढली," ती म्हणाली. "वास भरला होता."